हॉकीची नोकरी

रेल्वेने मला नोकरी दिली ती मी हॉकी खेळतो म्हणून. कागदोपत्री मी सांधेवाला होतो, गाडीसाठी रूळ बदलून देणारा, खंडाळ्याच्या घाटातल्या एका चौकीवर. पण वर्षातले कितीतरी दिवस त्या चौकीवर मी नसायचोच. मुंबईला असायचो, भुसावळला असायचो, झाशीला असायचो, नाहीतर लोणावळ्याच्याच मैदानावर साहेबाच्या नजरेखाली कॉर्नर मारत असायचो. पगार सांध्याचा चालू. लोक म्हणायचे, मजा आहे बुवा तुझी. मजा होतीच, नाकारत नाही. खेळून पोट भरणारा माणूस त्या काळी आमच्या मावळात दुसरा नव्हता. तालमीतले पैलवानसुद्धा जत्रेपुरते पैलवान आणि एरवी शेतात. पण मी मैदानावर असताना त्या सांध्यावर कोण उभं राहतं, हे मला कुणी विचारत नसे. माझा थोरला भाऊ उभा राहायचा. त्याला आम्ही भाई म्हणायचो.

आमचं घर मळवलीजवळच्या खेड्यात. गावात मुसलमानांची चार-पाच घरं, आणि आम्ही बोलायचो ते गाव बोलेल तसंच. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर घर भाईने चालवलं. मला तळेगावच्या शाळेत घातलं. तो स्वतः दोन बुकांच्या पुढे गेला नव्हता. पावसाळ्यात भात लावायचा आणि बाकीचे महिने लोणावळ्याला रेल्वेत बदली म्हणून जायचा. बदली म्हणजे, कायम माणूस आजारी पडला किंवा रजेवर गेला की त्या दिवसापुरतं त्याच्या जागी उभं राहायचं. आज काम, उद्या नाही. कायम होण्याची आशा धरून अशी माणसं सकाळी स्टेशनाबाहेर पानाच्या टपरीपाशी उभी असायची. भाई त्यांच्यात कित्येक वर्षं उभा होता.

हॉकी मी शिकलो तीही भाईमुळेच. लोणावळ्याला रेल्वेचं मैदान होतं, लाल मुरमाचं, रोलर फिरवून गुळगुळीत केलेलं. गोरे साहेब आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर तिथे खेळत. भाईने तिथून एक मोडकी स्टिक उचलून आणली, सरसाने चिकटवली, वरून सुतळी आवळली. आधी त्याने स्वतःच अंगणात दोन टोले मारून बघितले. कोंबड्या उधळल्या, भाभी चुलीपुढून ओरडली, आणि स्टिक माझ्या हातात आली ती कायमची. माझा हात चांगला होता. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. काहींना गळा असतो तसा मला हात होता. पुढे मैदानावर माणूस कमी पडला की मला घ्यायला लागले, आणि मग माणसं पुरेशी असली तरी घ्यायला लागले.

टीमचा कप्तान होता रेल्वेच्या ट्रॅफिक खात्यातला एक गोरा साहेब. अंगाने आडवा, गोलात उभा राहायचा, आणि मॅच हरला की आठवडाभर स्टेशनातली माणसं त्याच्या वाटेला जात नसत. अशात घाटातल्या सांध्यावरची एक कायम जागा रिकामी झाली. ती भाईला मिळणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. त्या चौकीवर बदली म्हणून तोच सगळ्यात जास्त उभा राहिला होता. साहेबाने ती मला दिली. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत अर्थासह पाठ केली होती. गुरुजींनी उदाहरण विचारलं तेव्हा मला काही सुचलं नव्हतं.

बातमी घेऊन आला तो भाईच. मी ओट्यावर बसलो होतो. त्याने टोपी काढली, घाम पुसला आणि सांगितलं. मी म्हणालो, मी नाही घेणार, साहेबाला जाऊन सांगतो. हे मी मनापासून म्हणालो होतो, निदान म्हणताना तरी.

"येड्यावानी करू नगं," भाई म्हणाला. "तू न्हाई घेतली तर मला देतील व्हय? दुसऱ्या कुनाला देतील. घरात आली हाय ती येऊ दे."

"पण ती तुजी होती, भाई."

"मला हॉकी येत न्हाई, त्याला काय करायचं?" तो हसला. मग म्हणाला, "येक कर. मला येकदा तुजी मॅच बघायची हाय. नीट बसून. पयल्यापास्नं शेवटपत्तुर. लोकं काय काय सांगत्यात, मी आपला यार्डात."

"ह्या शनवारी ये की."

"येतो," तो म्हणाला.

एवढंच त्याने मागितलं होतं. दुसरं काही कधी मागितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. एवढी साधी गोष्ट द्यायला मला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि शेवटी दिली तीही कशी, ते पुढे येईलच.

तो सांधा काय प्रकार होता ते सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. घाट उतरणारी गाडी सुटली, ब्रेक धरेना, तर ती दरीत जाऊ नये म्हणून मुख्य रुळाला एक फाटा काढलेला असतो. फाटा डोंगराच्या चढावर जातो आणि तिथेच संपतो; सुटलेली गाडी त्यावर चढून आपोआप दमते. सांधा कायम त्या फाट्याकडेच लावून ठेवायचा. खाली येणाऱ्या प्रत्येक गाडीने आधी थांबायचं आणि शिट्टी द्यायची. ती थांबली म्हणजे तिचा ब्रेक शाबूत आहे हे सांधेवाल्याला कळणार, मग तो दांडा ओढून मुख्य रूळ जोडून देणार, आणि गाडी गेली की पुन्हा फाट्याकडे. काम डोक्याचं नाही, पण चौकी क्षणभर रिकामी ठेवता येत नाही. आणि आळसाने दांडा आधीच ओढून ठेवणारा माणूस तिथे चालत नाही. भाईने मला हे सगळं दोन दिवसांत शिकवलं. स्वतःची जागा दुसऱ्याला शिकवताना माणसाचा आवाज बदलतो का, म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. नाही बदलला.

मॅचच्या दिवशी माझ्या जागी माणूस लागायचा. नियमाने तो स्टेशनमास्तरने द्यायचा, पण आमच्याकडे ज्याने त्याने आपला बदली आपणच आणायची रीत पडली होती. आणि रीतीबरोबर एक भीतीही होती. एखाद्याच्या जागेवर दुसरा माणूस वारंवार उभा राहिला, नीट उभा राहिला, की स्टेशनात त्याचं नाव व्हायचं. मग कुणी म्हणायचं, हा तर रोज असतो, तो कुठे असतो? दोघातिघांच्या जागा अशा गेल्याही होत्या. म्हणून शहाणा माणूस बदलीला घरचाच माणूस आणायचा. मीही शहाणाच होतो. भाईसारखा भरवशाचा माणूस कुणाकडे नव्हता. तो माझी जागा घेणार नव्हता, कारण ती त्याने आधीच दिलेली होती.

तर पहिल्या शनिवारी मॅच होती आणि चौकीवर भाई होता. दुसऱ्या शनिवारी तसंच. मी म्हणायचो, पुढच्या वेळी नक्की दुसरा बघतो. भाई म्हणायचा, "बघ की, मी कुटं पळून चाललोय." आणि दांड्यापाशी बसायचा.

खेळात मी चढत गेलो. इनसाइड राइटला खेळायचो, बॉल पायापाशी ठेवून दोघातिघांना हुलकावणी देत सर्कलमध्ये शिरायचो आणि मग पास द्यायचा की स्वतः मारायचं हे शेवटच्या क्षणी ठरवायचो. आधी अनवाणी खेळत होतो. साहेबाने कॅनव्हासचे बूट दिले, त्यात पाय आठवडाभर सोलून निघाले. मुंबईच्या एका गिरणीने कारकून करतो, आमच्याकडून खेळ, असा निरोप धाडला. साहेबाला कळलं तेव्हा त्याने मला पगारात बढती दिली आणि वर बजावलं की माझी खरी ड्युटी मैदानावर आहे, सांध्यावर नाही. ते ऐकून टीममधले सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना तळेगावच्या शाळेतल्या मास्तरांसमोर खोटं बोलल्यासारखं वाटत होतं, आणि खोटं तर मी बोललोही नव्हतो.

मॅच संपली की मी खंडाळ्याकडे जाणाऱ्या कुठल्यातरी इंजिनावर चढून चौकीवर जायचो, भाईला सोडवायला. तो विचारायचा, "जिकलं का?" मी म्हणायचो, "जिकलं." तो म्हणायचा, "गोल?" मी म्हणायचो, "झाले कसेतरी." ह्यापुढे मी कधी सांगितलं नाही. टीममधली माणसं एकेक गोल हॉटेलात तासभर चघळायची, मीसुद्धा चघळायचो. पण ज्याने आपल्या जागी उभं राहून दिवस काढला त्याच्यापुढे उभं राहून 'मी असा गेलो आणि असा मारला' हे कुठल्या तोंडाने सांगणार? मला वाटायचं, मी त्याचं मन राखतोय. खरं म्हणजे मी माझंच राखत होतो. तो धोतर झटकून निघायचा आणि रुळाच्या कडेने लोणावळ्याच्या दिशेने चालायला लागायचा.

भुसावळहून मी केळी आणायचो, मुंबईहून भाईला बनियन, भाभीला बांगड्या, झाशीहून एकदा पितळी पानदान आणलं. घरात कुणी पान खात नव्हतं. भाभीने ते फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "सामान आनून घर भरलंस. तेनला येक डाव बसवून खेळ दाव, ते न्हाई सुचत तुला." मला राग आला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. मी म्हणालो, भाभी, तुम्हांला रेल्वेची कामं कळत नाहीत. ती म्हणाली, "व्हय, न्हाई कळत." आणि चुलीपाशी गेली.

मग एक वर्ष असं आलं की मुंबईची एक जबरदस्त टीम आमच्याच मैदानावर येणार होती. तोपर्यंत घाटात विजेची इंजिनं येऊन थोडे दिवस झाले होते, आणि विजेइतकीच त्या मॅचची चर्चा होती. मी ठरवलं की ह्या वेळी भाई बघणारच. आठवडाभर आधी दुसरा बदली ठरवला, खंडाळ्याचा एक तरुण, कामाला चलाख. भाईला सांगितलं. मग भाभीकडून कळलं की त्याने ईदचा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याच्या सुरकुत्या मोडून ठेवल्यात, कारण आमच्याकडे इस्त्री नव्हती.

मॅचच्या सकाळी मी स्टेशनात गेलो. तिथला मोठा बाबू त्या खंडाळ्याच्या तरुणाचा मामा निघाला. मला हे माहीत नव्हतं. बाबू सुपारी कातरत सहज म्हणाला, "आज आमचा भाचा तुमच्या जागेवर उभा राहणार म्हणे. बरं झालं. साहेब आहेतच आज इथे, त्यांच्या कानावर घालतो. पोरगं हुशार आहे." तेवढंच म्हणाला. त्यात धमकी नव्हती, काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला जागा गेल्यासारखीच वाटली. जागा गेली म्हणजे टीम गेली, बूट गेले, झाशी गेली. मीही भाईसारखा टपरीपाशी उभा. तासभर स्टेशनात फेऱ्या मारल्या आणि मग मी त्या तरुणाला निरोप धाडला की नको, येऊ नकोस.

दुपारी मैदानावर गेलो तेव्हा भाई येऊन बसलेला होता. मैदानाच्या कडेला आंब्याचं झाड होतं, त्याच्या सावलीत, पहिल्या ओळीत. पांढरा सदरा, डोक्याला तेल, शेजारी भाकरीचं गाठोडं. शेजारच्या अनोळखी माणसाला तो सांगत होता की तो पलीकडचा माझा भाऊ. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते सगळं वाटेत जुळवलं होतं, पण त्यातलं काही बोललो नाही. फक्त म्हणालो, "भाई, त्यो पोरगा न्हाई येत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मैदानाकडे बघितलं. चुन्याच्या रेषा आखणं चाललं होतं. "आजारी पडला व्हय?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. तो उठला, गाठोडं उचललं, शेजारच्या माणसाला म्हणाला, "जागा धरा, आलो तर आलो." आणि निघाला. जाताना सदऱ्याच्या बाह्या दुमडत होता, दांड्याचं ग्रीस लागू नये म्हणून. त्याग वगैरे मोठे शब्द लोक पुढे भाईला लावायचे तेव्हा मला संताप यायचा. त्याग करायचा का, असं माणसाला विचारावं लागतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

त्या दिवशी मी जसा खेळलो तसा त्याआधी कधी खेळलो नव्हतो आणि पुढेही खेळलो नाही. वाईट वागल्यावर माणसाच्या हातून खेळ बिघडायला हवा असं वाटतं, पण तसं काही होत नाही. बॉल स्टिकला चिकटून होता. पहिला गोल मी तिघांना चुकवून मारला. दुसऱ्याच्या वेळी त्यांचा गोलकीपर पुढे आला, मी त्याच्या बाजूने बॉल सरकवला आणि तो जमिनीवर बसून राहिला. आंब्याखालची माणसं उभी राहिली होती. टोप्या उडत होत्या. आणि मध्येच, खेळ थांबला की, घाटाकडून शिट्टी ऐकू यायची. कुठलीतरी गाडी चौकीपाशी थांबली आहे, आणि भाई आता उठतोय, दांडा ओढतोय. मला ती शिट्टी नको वाटायची. मी आंब्याकडे बघायचो. पहिल्या ओळीत त्याची जागा त्या माणसाने खरंच धरून ठेवली होती, आपला पंचा टाकून.

आम्ही जिंकलो. साहेबाने मला खांद्यावर घेतलं, सगळ्यांदेखत. मी उतरलो तो सरळ चौकीवर गेलो. भाई दांड्यापाशी उकिडवा बसला होता. सदऱ्याच्या डाव्या बाहीला ग्रीस लागलंच होतं.

"जिकलं का?"

"जिकलं."

"गोल?"

"झाले कसेतरी."

"बरं," तो म्हणाला. "फुडच्या येळंला बघू." आणि भाकरीचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं, त्याने सोडलंही नव्हतं.

त्या मॅचनंतर भाभी माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलायची. तिने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, पण खंडाळ्याचा तरुण आजारी नव्हता हे तिला कुठूनतरी कळलं असावं. भाईला कळलं होतं का? हा नुसता अंदाज नाही, माझी खात्री आहे की कळलं होतं. पण त्याने पुढच्या शनिवारी नेहमीसारखं विचारलं, "हाय का ह्या टायमाला?" आणि मी हो म्हणालो.

मग लढाई आली. घाटातून सैन्याच्या गाड्या एकामागून एक उतरायला लागल्या. साहेब कुठल्यातरी आघाडीवर गेला तो परत आला नाही, म्हणजे लोणावळ्याला आला नाही. विलायतेला गेला म्हणे. टीममधले निम्मे पांगले. त्यातच एका मॅचमध्ये माझा गुडघा फिरला. वैद्याने लेप दिला, डॉक्टरने पट्टी दिली, गुडघा आपल्या मनाप्रमाणे बरा झाला, म्हणजे अर्धा. त्यानंतर मला खेळायला फार कमी बोलवत. मी बहुतेक दिवस माझ्याच सांध्यावर माझ्याच पगारात काम करायला लागलो, आणि भाईला बदलीचं काम मिळेनासं झालं.

तसंही त्याला ते झेपलं नसतं. त्याचे कान जात चालले होते. एकदा मी तापाने पडलो म्हणून तो उभा राहिला, आणि गाडी येऊन थांबली, शिट्टीवर शिट्टी देत राहिली, तरी भाई चौकीत बसूनच. शेवटी ड्रायव्हर उतरून शिव्या घालत आला तेव्हा त्याला कळलं. अपघात व्हायचा नव्हता, गाडी थांबलेलीच होती, पण भाई त्या दिवशी संध्याकाळी माझ्या अंथरुणापाशी येऊन म्हणाला, "आता मला न्हाई जमायचं. दुसरं कोन बघ." म्हणजे आता तो मोकळा झाला होता. कधीही, कुठल्याही शनिवारी मॅचला येऊन बसायला मोकळा. आणि मी खेळत नव्हतो. मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, ते तापामुळे असं त्याला वाटलं असेल.

लढाई संपल्यावर लोणावळ्याच्या नव्या टीमने फौजेच्या एका पलटणीशी सामना ठरवला. सहज म्हणून, दोस्तीचा. दोन खेळाडू आयत्या वेळी कमी पडले. नवा कप्तान माझ्याकडे आला. जुनं नाव आहे, उभे राहा, म्हणाला. मी नाही म्हणणार होतो. घरी मी बोलता बोलता हे सांगितलं आणि भाभीने ते भाईच्या कानाशी ओरडून सांगितलं. भाई उठून आत गेला आणि सदरा शोधायला लागला. मग नाही म्हणायची सोय राहिली नाही.

तो आंब्याखाली बसला. पहिल्या ओळीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी तसंच जसं त्याने मागितलं होतं. बुली होऊन खेळ सुरू झाला, बॉल माझ्याकडे आला, आणि मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मला कळलं की काही खरं नाही. डोक्यात सगळं शाबूत होतं. कुठे जायचं, कुणाला चुकवायचं, सगळं दिसत होतं. पाय तिथे पोहोचेपर्यंत तिथे काही उरलेलं नसायचं. समोरची पोरं माझ्या स्टिकखालून बॉल काढून नेत होती, आणि त्यातलं एक तर दर वेळी 'सॉरी' म्हणायचं. एकदा मोकळ्या गोलासमोर बॉल आला. मी जोरात स्टिक फिरवली आणि मुरूम उडाला, बॉल जागेवर. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "आजोबांना बसवा रे!" मी आंब्याकडे बघितलं. भाई पुढे वाकून, हाताचा कान करून, टक लावून बघत होता. ऐकू न येण्याचं सुख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आम्ही हरलो. मॅच संपल्यावर आम्ही दोघे बाजारातल्या हॉटेलात जाऊन बसलो. मळवलीची गाडी यायला वेळ होता. मी चहा आणि भजी सांगितली. मागच्या बाकड्यावर माझ्या जुन्या टीमचे दोघे बसले होते, मुंबईच्या त्या मॅचला माझ्याबरोबर खेळलेले. त्यांनी मला मान डोलावून सलाम केला आणि पुन्हा आपल्या बोलण्याकडे वळले. माझ्याविषयी बोलत असावेत. मधूनमधून आवाज खाली यायचा.

भाई बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, लय चांगला खेळलास. तो खोटं बोलणारा नव्हता, पण माझ्यासाठी बोलला असता असं मला वाटत होतं. त्याने बशी खाली ठेवली.

"येक इचारू?" तो म्हणाला.

"इचार."

"तू पयल्यापास्नं असाच खेळायचास?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा साधा होता. टोमणा नव्हता, दुःखही नव्हतं. खरोखर माहीत नव्हतं म्हणून विचारत होता. मीच तर कधी सांगितलं नव्हतं. मी नाही म्हणालो असतो, भाई, मी असा नव्हतो, मुंबईवाल्यांचा गोलकीपर मी जमिनीवर बसवला होता, हेच मैदान, हाच आंबा, तर ते खरं होतं. पण मग त्याच्या दांड्यापाशी गेलेल्या सगळ्या शनिवारांत काय हुकलं होतं, ते त्याला आता, ह्या वयात, ह्या बाकड्यावर कळलं असतं. आणि हो म्हणालो तर एवढ्याचसाठी त्याने नोकरी दिली, हे कळणार. मला दोन्हीपैकी एक निवडायचं होतं, आणि चहा निवत होता.

"व्हय," मी म्हणालो.

त्याने हाताचा कान केला. "क्काय?"

मला मोठ्याने सांगावं लागलं. "व्हय भाई! असाच खेळायचो मी! पयल्यापास्नं!"

मागच्या बाकड्यावरचं बोलणं थांबलं. मी वळून बघितलं नाही.

भाई हसला. मोकळं हसला, कित्येक वर्षांत हसला नव्हता तसा. "मग ठीक हाय," तो म्हणाला. "मला आपलं वाटायचं, माजं लय काय काय बघायचं ऱ्हायलं."

आणि भज्यांची बशी त्याने माझ्याकडे सरकवली, दमला असशील म्हणून.